गाडी न चालवणाऱ्यांचं शहर

अमेरिकेत दोन शहरांतून दोन नोकऱ्यांची पत्रं हातात आली की मराठी माणूस आधी एक्सेल उघडतो. पगार, राज्याचा इन्कम टॅक्स, घराची किंमत, शाळेचं रेटिंग, हवामान, देऊळ, महाराष्ट्र मंडळ, मुंबईची फ्लाइट असे रकाने पाडायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. ह्यूस्टन आणि शिकागो ही जोडी या तक्त्यांत बऱ्याचदा समोरासमोर येते. 2020 च्या जनगणनेनुसार शिकागोची वस्ती साडेसत्तावीस लाख, ह्यूस्टनची तेवीस लाख. देशातली अनुक्रमे तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाची ही शहरं. केमिकल इंजिनिअर असो, डॉक्टर असो की सॉफ्टवेअरवाला, दोन्हीकडे त्याला काम मिळतं. बेरीज मात्र बहुतेक वेळा ह्यूस्टनच्या पारड्यात पडते. टेक्सास इन्कम टॅक्स घेत नाही, इलिनॉय सरसकट 4.95 टक्के घेतं. ह्यूस्टनला बर्फ उपसावा लागत नाही. शिकागोत जेवढ्या पैशात दोन बेडरूमचा फ्लॅट येतो, तेवढ्यात ह्यूस्टनच्या उपनगरात चार बेडरूमचं घर, दोन गाड्यांचं गॅरेज आणि मागे हिरवळ मिळते.

या तक्त्यात आकडे चुकीचे नसतात. पण तो ज्या माणसासाठी भरलेला असतो, तो पस्तिशीचा, धडधाकट, कमावता आणि खिशात लायसन असलेला असतो. घरात तो एकटा राहत नाही. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा असतात, चौदा वर्षांची मुलगी असते, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि अजून हायवेवर गाडी घालायला न धजावणारी बायको असते. त्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नसतो. माझं म्हणणं असं, की शहराची पारख घरातल्या गाडी न चालवणाऱ्या माणसावरून करावी; आणि त्याचा चांगला दिवस कसा जातो याइतकंच वाईट दिवशी त्याचं काय होतं हेही पाहावं. ही कसोटी लावली की दोन्ही शहरं वेगळी दिसू लागतात, आणि दोघांचीही अब्रू थोडी थोडी जाते.

ह्यूस्टनची बाजू आधी मांडतो, कारण ती टॅक्सच्या रकान्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवून देणारा, कायदा नसलेलं हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं शहर. 1948, 1962 आणि 1993 अशा तीन वेळा मतदारांनी तो नाकारला. याचा अर्थ तिथे कुणीही कुठेही काहीही बांधतं असा नाही. जुन्या वसाहतींच्या खरेदीखतांत बंधनं असतात, रिव्हर ओक्ससारख्या श्रीमंत वस्त्या त्यांच्या आडोशाने शाबूत राहतात, आणि ती बंधनं पाळली जावीत म्हणून महापालिका स्वतः कोर्टात उभी राहते. पण बाकी शहरात घर बांधणं सोपं आहे. 1998 मध्ये शहराने आतल्या रिंगरोडच्या, म्हणजे तिथले लोक ज्याला नुसतं ‘लूप’ म्हणतात त्याच्या आत, प्लॉटची किमान मर्यादा 5,000 चौरस फुटांवरून 1,400 वर आणली. 2013 मध्ये ती सवलत लूपबाहेरही दिली. जिथे एक बैठं घर होतं तिथे तीन-तीन मजली टाउनहाउसेस उभी राहिली. घरांचा पुरवठा वाढत राहिला, म्हणून एवढी माणसं येऊनही भाव कॅलिफोर्नियासारखे भडकले नाहीत. 2011 नंतर या शहराने बेघर माणसांची संख्याही निम्म्याहून खाली आणली. आधी घर द्यायचं आणि व्यसन, आजार, नोकरी हे नंतर पाहायचं, हे धोरण शंभरावर संस्थांनी एकत्र येऊन राबवलं. रिकामी आणि परवडणारी घरं शहरात होती म्हणूनच ते जमलं.

शिकागोत हे इतकं सोपं नाही. तिथे पन्नास वॉर्ड आणि पन्नास नगरसेवक. आपल्या वॉर्डात काय बांधायचं यावर नगरसेवकाचा शब्द चालतो, आणि ‘आमच्या गल्लीत इमारत नको’ म्हणणाऱ्यांचं त्याला ऐकावं लागतं. नव्याने येणाऱ्याला ह्यूस्टन दार उघडं ठेवतं, शिकागो आधी ओळख विचारतं. स्थलांतरिताने लिहिलेल्या लेखात ही गोष्ट हलक्याने घेऊन चालणार नाही.

पण आत आल्यावर काय? ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी किंवा शुगरलँडकडची एखादी वसाहत घ्या. विटांची कमान, तिच्यावर वसाहतीचं नाव, आत वळणावळणाचे रस्ते आणि शेवटी बंद होणाऱ्या गल्ल्या. पावसाचं पाणी साठवायला खोदलेलं तळं, त्याभोवती सिमेंटची पायवाट. सकाळी सातला या पायवाटेवर पांढरे बूट आणि बंडी घातलेले आजोबा, सलवार-कमीजवर स्वेटर चढवलेल्या आज्या फेऱ्या मारताना दिसतात. इकडे भारतीय घरं इतकी झाली आहेत, की या आजी-आजोबांना एकमेकांची सोबत मिळते, आणि ती सोबत खरी आहे. पण तळ्याच्या पलीकडे त्यांचं जग संपतं. कमानीबाहेर सहा पदरी रस्ता. फुटपाथ आहे, तो पुढच्या मोकळ्या प्लॉटपाशी अचानक तुटतो. समोरचं दुकान डोळ्यांना दिसतं, पण तिथे पोहोचायला सिग्नल गाठायचा, तो ओलांडायचा, मग पार्किंगचं मैदान तुडवायचं, तेही ऑगस्टच्या उन्हात. कोथिंबिरीची जुडी हवी तर मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं. पुण्यात स्वतः बँकेत जाणारी, भाजी निवडून घेणारी, नाटकाला जाणारी बाई इथे शनिवारची वाट पाहत बसते. तिच्या लेकाचं तिच्यावर प्रेम कमी नसतं. कमी असतो तो रस्ता.

रस्ते वाढवून हे सुटत नाही, हेही ह्यूस्टननेच दाखवून दिलं. शहरातून केटीकडे जाणारा हायवे 2008 पर्यंत रुंद करण्यात आला. सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी तो 26 पदरी झाला. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला, कारण रस्ता झाला म्हणून त्याच्या टोकाला आणखी वसाहती झाल्या. शहराने दुसऱ्या वाटेने प्रयत्न केले नाहीत असं नाही. 2004 मध्ये ट्राम आली, 2015 मध्ये बसचं अख्खं जाळं नव्याने आखलं गेलं आणि त्याचं देशभर कौतुक झालं. पण ज्या वसाहतीत आपला मराठी माणूस घर घेतो, तिथे यांतलं फारसं काही पोहोचत नाही.

आता वाईट दिवस. सप्टेंबर 2005 मध्ये कॅटरिना वादळ नुकतं होऊन गेलं होतं आणि रीटा वादळ ह्यूस्टनवर येणार अशी धास्ती होती. पंचवीस लाखांच्या आसपास माणसं एकाच वेळी गाड्या काढून निघाली. हायवे गोठले, पेट्रोल संपलं, उन्हात माणसं तासन्‌तास अडकली. वादळ ऐनवेळी पूर्वेला वळलं. तरी या पळापळीत शंभराच्या आसपास जीव गेले; त्यांत एका वृद्धाश्रमाच्या बसला आग लागून गेलेले 23 जण होते. म्हणून 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ आलं तेव्हा महापौरांनी शहर रिकामं करण्याचा आदेश दिला नाही. तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण सगळं शहर गाडीवर बेतलेलं असलं की संकटात तुमच्यापुढे दोनच पर्याय उरतात, रस्त्यात अडकणं किंवा घरात अडकणं, एवढं त्या दोन वर्षांनी दाखवलं.

हार्वीने चार दिवसांत ह्यूस्टनच्या जिल्ह्यावर सरासरी साडेआठशे मिलिमीटर पाऊस ओतला. दीड लाखाहून अधिक घरांत आणि इमारतींत पाणी शिरलं. शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन धरणं आहेत, 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर बांधलेली, एरवी कोरडी. पूर आला की पाणी तिथे साठवायचं आणि हळूहळू बफेलो बायूत, म्हणजे शहरातून वाहणाऱ्या संथ ओढ्यात, सोडायचं. या धरणांच्या साठ्याच्या जागेतच गेल्या काही दशकांत वसाहती झाल्या. हार्वीत धरण भरलं आणि हजारो घरं थेट त्याच्या पोटात गेली. इथे पाणी साठवलं जाऊ शकतं अशी नोंद काही वसाहतींच्या नकाशावर बारीक अक्षरांत होती. घर घेताना ती वाचलेले मोजकेच. पूरग्रस्तांपैकी बहुसंख्यांकडे पुराचा विमा नव्हता. 2019 मध्ये केंद्रीय न्यायालयाने या घरांच्या नुकसानीला सरकार जबाबदार आहे असा निकाल दिला. घर बांधणं सोपं करणाऱ्या शहराने पाण्याची जागाही सोपी करून विकली, आणि चार बेडरूमच्या स्वस्ताईत ही किंमत धरलेली नव्हती. पुढे फेब्रुवारी 2021 च्या थंडीत टेक्सासची वीज कोलमडली. राज्याचं ग्रिड शेजाऱ्यांपासून जवळपास तुटलेलं, म्हणून बाहेरून फारशी वीज घेता आली नाही. राज्याने नोंदवलेले मृत्यू 246. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळानंतर वीस लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले, अनेक जण ऐन उन्हाळ्यात दिवसेंदिवस.

शिकागो याच्या उलट आखणीचं शहर. रस्त्यांची चौकट, चौकाचौकात दुकान, 1892 पासून धावणारी उन्नत रेल्वे, जिला गावात ‘एल’ म्हणतात. सरोवराचा बहुतेक किनारा लोकांसाठी मोकळा. त्यासाठी माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या आणि 1909 च्या बर्नहॅम आराखड्याने त्याला तत्त्वाचं रूप दिलं. आपल्या माणसांच्या दृष्टीने पाहायचं तर उत्तरेकडच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जावं. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 मध्ये इथे निघालं. 155 नंबरची बस या रस्त्याने सरळ सरोवराकडे, रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. एखादे आजोबा वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या चौकात बसमधून उतरतात, भेंडीच्या टोपलीत हात घालून एकेक भेंडीचं टोक मोडून पाहतात, दुकानदाराशी हिंदीत हुज्जत घालतात, पिशवी घेऊन बाकावर टेकतात आणि पुढची बस धरतात. यातल्या कशासाठीही त्यांना मुलाला फोन करावा लागत नाही. त्याच वेस्टर्न रस्त्यावर थोडं वर 2019 मध्ये नवं सार्वजनिक वाचनालय झालं, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यांवर वृद्धांसाठी परवडणारी घरं बांधली. शहराने वृद्धांचा विचार केला म्हणजे काय केलं, याचं ते विटा-सिमेंटातलं उत्तर आहे.

इथे थांबलो असतो तर हा लेख शिकागोची जाहिरात झाला असता. पण याच शहराने आपल्या अर्ध्या अंगाशी काय केलं, तेही पाहावं लागतं. दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय माणसं लाखोंनी शिकागोत आली, तेव्हा खरेदीखतांत अटी घालून त्यांना ठरावीक वस्त्यांत कोंडलं गेलं, बँकांनी त्या वस्त्यांना कर्जं नाकारली. मुंबईत भाड्याने घर शोधताना आडनाव विचारलं गेलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. 1980 मध्ये शिकागोत सुमारे बारा लाख कृष्णवर्णीय होते, 2020 मध्ये आठ लाखांच्या आत आले. 2013 मध्ये शहराने एका झटक्यात पन्नासच्या आसपास सरकारी शाळा बंद केल्या, त्या प्रामुख्याने याच वस्त्यांतल्या. खुनांचा आकडा 2021 मध्ये आठशेच्या घरात होता, 2024 मध्ये सहाशेच्या खाली आला. तेही दक्षिण आणि पश्चिम भागातल्या काही वस्त्यांतच दाटलेले. शहराच्या पेन्शन फंडांत सुमारे 35 अब्ज डॉलरचा खड्डा आहे, आणि 2008 मध्ये रस्त्यावरचे पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी खासगी कंपनीला देऊन आलेले पैसे केव्हाच खर्च झाले. कोविडनंतर बसचं वेळापत्रक असं ढेपाळलं, की फोनवर दिसणारी पण कधीच न येणारी ‘घोस्ट बस’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला. थंडीचं तर सांगायलाच नको. 30 जानेवारी 2019 ला पारा शून्याखाली 30 अंशांवर गेला होता.

शिकागोचा सर्वांत वाईट दिवस मात्र थंडीचा नव्हता, उन्हाचा होता. जुलै 1995 मध्ये तापमान 41 अंशांवर गेलं आणि आठवड्याभरात नेहमीपेक्षा 739 मृत्यू जास्त झाले. मेलेल्यांत म्हातारी, एकटी राहणारी माणसं पुष्कळ होती. चोरांच्या भीतीने खिडक्या लावून बसलेली. बस होती, फुटपाथ होते, सरोवराचा वारा होता, तरी ती मेली. म्हणजे माझी कसोटी इथे नापास झाली का?

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी 2002 मध्ये या लाटेवर पुस्तक लिहिलं. त्यांनी पश्चिमेकडच्या दोन शेजारी वस्त्या ताडून पाहिल्या. नॉर्थ लॉनडेल मुख्यतः कृष्णवर्णीयांची, साउथ लॉनडेल म्हणजे लिटल व्हिलेज मेक्सिकन स्थलांतरितांची. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे, रस्त्यांची चौकट तीच. पण पहिल्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण लाखामागे 40, दुसरीत 4 सुद्धा नाही. नॉर्थ लॉनडेलमधून कारखाने गेले होते. सीअर्स कंपनीने आपलं मुख्यालय तिथून उचलून 1973 मध्ये मध्यशहरातल्या नव्या गगनचुंबी टॉवरात नेलं. दुकानं बंद पडली, प्लॉट ओस पडले, फुटपाथवर माणूस दिसेना. लिटल व्हिलेजच्या सव्वीसाव्या रस्त्यावर मात्र पावलोपावली बेकरी, किराणा, फळवाले. म्हातारी माणसं घराबाहेर पडली, कारण बाहेर पडण्यासारखं काहीतरी होतं. आणि वाटेतल्या थंडगार दुकानांत वाचली. या निष्कर्षावर समाजशास्त्रज्ञांत पुढे वाद झाले, तपशिलांवर शंका घेतल्या गेल्या. तरी मला त्यातला गाभा पटतो. फुटपाथ ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. त्यावर माणसं हवीत, आणि माणसं येण्यासाठी उघडं दुकान हवं. शिकागोने मात्र त्या लाटेतून काही शिकून घेतलं. चार वर्षांनी पुन्हा कडक उन्हाळा आला तेव्हा थंड हॉल उघडले, एकट्या म्हाताऱ्यांच्या दारावर पोलीस आणि पालिकेची माणसं पाठवली. मृत्यू शंभरावर झाले, म्हणजे ते थांबले नाहीत. पण 739 वरून तिथे आले.

यावर हमखास आक्षेप येतात. आई-बाबा सहाच महिन्यांसाठी येतात, तेवढ्यासाठी अख्खं शहर निवडायचं का? पण गाडी न चालवणारं माणूस म्हणजे फक्त आई-बाबा नव्हेत. मुलीला सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्येक मैत्रिणीकडे सोडावं लागणार आहे. तुमच्या पायाचं हाड मोडलं तर त्या यादीत तुम्ही आहात. आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत वीस वर्षं काढून घराचं कर्ज फेडेपर्यंत तुम्हीही त्या पायवाटेवर फेऱ्या मारायच्या वयाला पोहोचणार आहात. दुसरा आक्षेप, उबर आहे, उद्या विनाचालक गाड्याही येतील. येतील, पण गाडी आधी ठरवलेल्या ठिकाणी नेते. भेंडीच्या टोपलीशी ओळख होणारा माणूस, बाकावर शेजारी येऊन बसलेली बाई हे ठरवून होत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. तोही तक्त्यात मांडून पाहू. घरात वर्षाला दीड लाख डॉलर येत असतील तर इलिनॉयचा टॅक्स होतो साधारण 7,400 डॉलर. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या 2024 च्या हिशेबाने नवी गाडी बाळगण्याचा खर्च, घसारा आणि विमा धरून, वर्षाला 12,000 डॉलरच्या वर जात होता. ह्यूस्टनच्या वसाहतीत दोन गाड्यांशिवाय घर चालत नाही. शिकागोत एकीवर भागवलं तर टॅक्स भरूनही हातात उरतं. टॅक्सचा रकाना एकटा पाहिला की ह्यूस्टन जिंकतं, शेजारी गाडीचा रकाना ठेवला की नाही.

चौथा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूच्या माणसांवर उलटतो. शिकागोत येणारा मराठी माणूस राहतो कुठे? महाराष्ट्र मंडळ 1969 पासूनचं, बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही 1981 मध्ये याच शहरातली. पण आज नव्याने येणारी बहुतेक घरं नेपरविल, ऑरोरा, शॉमबर्गकडे वळतात. शाळा चांगल्या, घरं मोठी, ऑफिसं जवळ. आणि तिथे विटांची तीच कमान, तेच तळं, तीच पायवाट, वर पाच महिने बर्फ. नेपरविलच्या नव्या वसाहतींत राहायचं ठरलंच असेल तर माझा सल्ला सरळ आहे: ह्यूस्टन घ्या. टॅक्स वाचेल, फावडं वाचेल, पुराचा नकाशा तेवढा नीट पाहून घ्या. ह्यूस्टनमध्येही लूपच्या आत, ट्रामजवळ, लहान टाउनहाउस घेऊन राहणारा माणूस नेपरविलमधल्या माणसापेक्षा माझ्या कसोटीवर वरचढ ठरेल.

म्हणजे निवड वरकरणी दोन शहरांची दिसते, प्रत्यक्षात दोन तऱ्हांच्या गल्ल्यांची असते. तरी मी शिकागोच्या बाजूने कौल देतो, आणि त्याचं कारण प्रमाणात आहे. ह्यूस्टनमध्ये पायी जगता येईल अशी गल्ली अपवादाने सापडते. शिकागोत आणि त्याला लागून रॉजर्स पार्क, इव्हॅन्स्टन, ओक पार्क, डेव्हनचा परिसर अशा गल्ल्या मैलोन्‌मैल आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आखलेल्या, आजही चालू. त्या महाग आहेत, प्रॉपर्टी टॅक्स जड आहे, फ्लॅट लहान आहे, शाळा रेटिंग पाहून नव्हे तर आत जाऊन पाहावी लागते. आणि त्या महाग आहेत याला शिकागोचा तो बंद दरवाजा मोठा कारणीभूत आहे. तिथे राहायला जाणाऱ्याने वॉर्डाच्या सभेत जाऊन आपल्या गल्लीत आणखी घरं होऊ द्या असं म्हटलं पाहिजे, नाहीतर आपण चढलो की शिडी ओढून घेतल्यासारखं होईल. ह्यूस्टनकडून शिकण्यासारखं शिकागोला एवढं नक्की आहे.

एक्सेल फेकून द्या असं मी म्हणत नाही. सही करण्याआधी फक्त चार रकाने वाढवा. गाडीशिवाय, कुणाला फोन न करता, सत्तरीतल्या माणसाला या घरातून दूध आणता येईल का? डॉक्टरकडे जाता येईल का? कंटाळा आला म्हणून उगाच कुठे जाऊन बसता येईल का? आणि वीज गेली, पाणी चढलं किंवा पारा 41 वर गेला तर त्याच्या दारावर कुणाची थाप पडेल? या चारांना शून्य पडलं तर बाकीच्या रकान्यांची बेरीज कितीही होवो, ते घर निम्म्या कुटुंबासाठीच घेतलेलं असतं.